आज रात्री जेवायला काय? पॅरिसच्या दुकानांमधले सात दिवस

दिवस पहिला, शुक्रवार

सप्टेंबरचा दुसरा आठवडा, पॅरिसला सकाळी उतरलो, मी आणि ताई, दोघीच. विमानतळावरून आरईआर बी म्हणजे तिथली लोकल, ती पकडून गार दु नॉर स्टेशन आणि तिथून मेट्रोने घर. हॉटेल न घेता आठवड्यासाठी छोटा फ्लॅट घेतला होता आणि तो शोधताना माझी एकच अट होती की स्वयंपाकघर नीट पाहिजे, कारण ह्या ट्रिपमध्ये म्युझियम वगैरे जमलं तर जमलं, खरं काम म्हणजे वाइनची जुनी दुकानं आणि खाण्याच्या वस्तूंची खास दुकानं हिंडायची, थोडं थोडं आणायचं आणि घरी बसून खायचं. ताई वाइन घेत नाही, पूर्ण शाकाहारी आहे (केकमधलं अंडं चालतं), पण मसाले, लोणची, मध, लोणी ह्यातलं तिला जे कळतं ते मला कळत नाही, त्यामुळे जोडी बरोबर जमली होती.

आमच्या मामाची निफाडला द्राक्षबाग आहे, खायच्या द्राक्षांची, थॉमसन आणि सोनाका. लहानपणी सगळ्या सुट्ट्या तिथेच गेल्या, त्यामुळे द्राक्ष म्हटलं की मला आधी छाटणी, मग पावसाची भीती, मग पेट्या आठवतात आणि वाइन त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आली. हे आत्ताच सांगते कारण पुढे मामा येत राहणार आहे.

पहिल्या संध्याकाळी दोन चुका केल्या. एक म्हणजे दमलेलो होतो म्हणून गर्दीच्या टुरिस्ट भागातल्या एका दुकानातून बाटली उचलली, काचेच्या शोकेसमध्ये उभी ठेवलेली, वर दिवे, बाहेरून ऊन. १९ युरो दिले. घरी उघडली तर रंग विटकरी झालेला आणि चव म्हणजे काही नाहीच, शिळं सरबत. दुसरी चूक, दुकानात शिरल्या शिरल्या मी सरळ "हॅव यू गॉट" करून सुरू केलं आणि काउंटरवरचा माणूस एकदम थंड झाला. नंतर फ्लॅटवाल्या बाईंनी सांगितलं की इथे आत पाऊल टाकलं की आधी बोंजूर म्हणायचं, मग पुढचं सगळं. दुकान त्यांचं घर आहे, तुम्ही पाहुण्या. ताई म्हणाली "बरोबरच आहे की, आपल्याकडे पण कोणी घरात शिरून डायरेक्ट साखर मागितली तर कसं वाटेल". त्यानंतर सात दिवस आम्ही बोंजूर मादाम, बोंजूर मस्यू म्हणतच दारातून आत शिरलो आणि खरंच फरक पडला.

दिवस दुसरा, शनिवार

काव्ह ऑजे. बुलव्हार ओस्मानवर ११६ नंबर, १८५० पासूनचं वाइनचं दुकान. बाहेरून लाकडी जुनी दर्शनी बाजू, आत अरुंद, जमिनीपासून छतापर्यंत बाटल्या, मध्ये खोके, वाट काढत चालायचं. त्याच रस्त्यावर १०२ नंबरला मार्सेल प्रूस्त हा फ्रेंच लेखक बरीच वर्षं राहायचा, म्हणजे हे दुकान त्याच्या चार पावलांवर होतं. ह्या दुकानाची एक पद्धत आहे, काही शनिवारी शेतकरी स्वतः येतात, फुटपाथवर पिंप उभी करून त्यावर बाटल्या मांडतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला चव देतात. आमचं नशीब की त्या शनिवारी होतं.

मला हे फार म्हणजे फार आवडलं. एका पिंपामागे साठीचा माणूस, हात बघितले आणि मला मामाचेच हात दिसले, नखांच्या कडेला काळं, बोटांवर कात्रीचे घट्टे. त्याची शॅम्पेन होती. लेबलवर खाली अगदी बारीक अक्षरात आरएम लिहिलेलं असतं, ते त्याने बोट ठेवून दाखवलं, म्हणजे ज्याची द्राक्षं त्यानेच वाइन केलेली. मोठ्या कंपन्या असतात तिथे एनएम असतं, त्या द्राक्षं विकत घेऊनही बनवतात. एनएम म्हणजे वाईट असं अजिबात नाही, पण हे दोन अक्षरांचं आपल्याला माहीत असलं तर बाटली कोणाच्या घरची आहे ते कळतं. साध्या वाइनच्या बाटलीच्या बुचावर टोपण असतं त्यावर पण बऱ्याचदा एक छोटा गोल शिक्का असतो, त्यात मारियानचं म्हणजे फ्रान्सचं प्रतीक मानलेल्या बाईचं चित्र आणि आर किंवा एन असं अक्षर, तिथेही आर म्हणजे स्वतःच्या शेतातलं. हे आता सगळ्याच बाटल्यांवर नसतं पण असलं तर बघायचं.

मी त्याला मोडक्या इंग्रजीत सांगितलं की आमच्याकडे वर्षातून दोनदा छाटणी करतात, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरात गोडी छाटणी, कारण आमच्याकडे वेल थंडीने झोपतच नाही, त्याला आपणच झोपवायचं आणि आपणच उठवायचं, आणि दोन छाटण्या करून पीक एकच घ्यायचं. त्याला हे इतकं नवल वाटलं की त्याने शेजारच्या पिंपावरच्या बाईला बोलावून तिला फ्रेंचमध्ये सगळं परत सांगितलं. त्यांच्याकडे हिवाळ्यात वेल झोपलेला असताना एकदाच छाटणी. मग ती बाई मला विचारत बसली की दोनदा कापलं तर वेल किती वर्षं टिकतो. मी मामाकडे ऐकलेलं होतं तेवढं सांगितलं, पंधरा वर्षं वगैरे. तिच्या काही वेली तिच्या आजोबांनी लावलेल्या होत्या, तिने छातीवर हात ठेवून सांगितलं.

आत दुकानातल्या माणसाला (ह्यांना काव्हिस्त म्हणतात, काव्ह म्हणजे तळघर) मी आदल्या दिवशीच्या बाटलीचं रडगाणं सांगितलं. त्याने दुकानाचं नावसुद्धा विचारलं नाही, फक्त बाटली उभी होती का, उजेडात होती का एवढं विचारलं. उभी ठेवली की बूच सुकतं आणि हवा आत जाते, उजेड आणि उष्णता चव मारते, म्हणून चांगल्या दुकानात बाटल्या आडव्या आणि अंधारात, बारा-तेरा डिग्रीला. आता मी कुठेही वाइनच्या दुकानात गेले की आधी शोकेस बघते आणि मग आत जायचं का ते ठरवते.

तिथून मॉर्गाँ घेतली, बोजोले भागातली, गामे द्राक्षाची, १७ युरो. संध्याकाळी नुसत्या ब्रेड आणि ऑलिव्हबरोबर. आदल्या दिवशीच्या १९ युरोवाल्या बाटलीचं दुःख गेलं.

दिवस तिसरा, रविवार

सकाळी अलिग्र बाजार. बाराव्या वॉर्डात, म्हणजे तिथे वॉर्डाला आराँदिस्माँ म्हणतात. रस्त्यावर भाजीवाले ओरडत असतात आणि बाजूला बोव्हो नावाची झाकलेली मंडई, तिथे चीज, मांस, ऑलिव्ह. सोमवारी बंद असतो हे लक्षात ठेवा. रस्त्यावर भाजी स्वस्त आणि मंडईत महाग पण निवडक. ताईने पहिल्याच गाड्यावर सवयीने टोमॅटो दाबून बघितला आणि भाजीवाल्याने "नो नो मादाम" केलं. तिथे बऱ्याच ठिकाणी आपण हात लावायचा नाही, तो निवडून देतो, आणि तो विचारतो की आज खायचंय की उद्या, आणि त्याप्रमाणे पिकलेलं देतो. ताई आधी नाराज झाली पण अंजिरं घेतली तेव्हा त्याने विचारलं "आज दुपारी का रात्री", दुपार म्हटल्यावर अशी फुटायला आलेली अंजिरं दिली की ती घरी जाईपर्यंत सुद्धा थांबली नाहीत, बाजारातल्या कट्ट्यावरच संपली. वांगी पण घेतली, मंगळवारसाठी. आपल्यासारखी छोटी काटेरी नाही मिळाली, लांबट बारीक मिळाली.

बाजाराच्या कोपऱ्यावर ल बारों रूज म्हणून बार आहे. आत भिंतीला मोठाली पिंपं, नळ लावलेली, आणि शेजारपाजारचे लोक रिकामी बाटली घेऊन येतात, नळाखाली धरून भरून घेतात, लिटरवर पैसे. आम्ही लहान असताना घाण्यावर तेलाची बाटली घेऊन जायचो अगदी तसं, बाटलीच्या तोंडाला लागलेला थेंब बोटाने पुसून घ्यायचा तो सुद्धा तसाच. मी एक ग्लास घेतला, पिंपावरच ग्लास ठेवून उभ्याने प्यायचा, ताईने अननसाचा ज्यूस. एक आजोबा बाजाराची पिशवी पायाशी ठेवून उभे होते, पिशवीतून पालकाची जुडी डोकावत होती. महागड्या दुकानांच्या यादीत ही जागा बसणार नाही पण मला विचाराल तर वाइन समजायला सुरुवात इथून करावी, कारण इथे ती पालकाच्या जुडीशेजारी असते.

दुपारनंतर बरीच दुकानं बंद. झोपलो.

दिवस चौथा, सोमवार

सोमवारी पॅरिसमधली चीजची आणि ब्रेडची खूपशी दुकानं बंद असतात, हे माहीत असून मी प्लॅनमध्ये विसरले. मग सकाळी गार दु नॉरच्या मागे ला शापेलला गेलो, तिथे श्रीलंकन तमिळ लोकांची दुकानं ओळीने आहेत, कढीपत्ता, चिंच, गूळ, हिरव्या मिरच्या, सगळं मिळालं. ताई तिथे एकदम खुलली, दुकानदारीण बाईंशी हातवाऱ्यांनी अर्धा तास गप्पा.

दुपारी मादलेन चौक. एके काळी ह्या चौकाभोवती सगळी मोठी खाण्याची दुकानं होती, आता त्यातली काही गेली. माय ह्या मोहरीवाल्यांचं दुकान आहे, १७४७ पासूनची कंपनी. काउंटरवर चिनी मातीचे नळ बसवलेत आणि ताजी मोहरी त्यातून बरणीत भरून देतात, शाब्ली वाइनमधली वगैरे, बरणी मातीची, बूच लावून. परत आलात तर तीच बरणी परत भरतात. ताईने चव घेतली, डोळ्यात पाणी आलं, आणि म्हणाली "अगं ही तर आपली फेसलेली मोहरी". आणि मग तिने मला जे सांगितलं ते काउंटरवरच्या मुलीनेही मान डोलावून ऐकलं (मी जमेल तसं भाषांतर करत होते) की मोहरी नुसती चावली तर फार तिखट लागत नाही, पाणी घालून फेसली की मग नाकात जाते, आणि गरम केली की ती नाकातली धार जाते, म्हणून लोणच्यात फेसून घालायची आणि फोडणीत तडतडवायची, दोन वेगळ्या गोष्टी. मुलगी म्हणाली आम्हीपण सॉसमध्ये शेवटी घालतो, शिजवत नाही. तिनेच सांगितलं की दाणे मुख्यतः कॅनडातून येतात, तिथे २०२१ ला दुष्काळ पडला आणि २०२२ मध्ये फ्रान्सच्या दुकानांतल्या मोहरीच्या फळ्या रिकाम्या झाल्या होत्या. मोहरीची चणचण आणि ती फ्रान्समध्ये, ताईला दिवसभर ह्याचंच वाटत राहिलं.

तिथून दोन मिनिटांवर व्हिलाज रॉयाल म्हणून गल्ली आहे, आता सगळी फॅशनची दुकानं. पूर्वी तिचं नाव सिते बेरिए, आणि तिथे स्टीव्हन स्परियर ह्या इंग्रज माणसाचं काव्ह द ला मादलेन हे वाइनचं दुकान होतं. इंग्रज माणूस पॅरिसमध्ये फ्रेंच लोकांना वाइन विकायचा. त्याने आपली सहकारी पॅट्रिशिया गॅलघर हिच्याबरोबर २४ मे १९७६ ला एका हॉटेलात चाचणी ठेवली, फ्रेंच परीक्षक, लेबल झाकलेली, फ्रेंच आणि कॅलिफोर्नियाच्या वाइन एकत्र. पांढऱ्यात पहिली आली शातो माँतलेना १९७३ आणि लाल मध्ये स्टॅग्ज लीप १९७३, दोन्ही कॅलिफोर्नियाच्या. सगळं जग हादरलं. मी त्या गल्लीत दहा मिनिटं उभी राहिले. ताईने विचारलं काय बघतेस, इथे तर काहीच नाही. मी म्हटलं मला मामा आठवतोय, तो नेहमी म्हणतो पेटीवरचं नाव झाकून खा आणि मग सांग कोणाचा माल चांगला.

दिवस पाचवा, मंगळवार

सगळ्यात भरलेला दिवस, त्यामुळे हा लांब होणार.

सकाळी माँतॉर्गेय रस्ता. ५१ नंबरला स्टोरेर, १७३० पासूनचं मिठाईचं दुकान, पंधराव्या लुईची राणी मारी लेश्चिन्स्का हिच्याबरोबर आलेल्या हलवायाने काढलेलं. रममध्ये भिजवलेला बाबा हा केक त्यांचा प्रसिद्ध, मी खाल्ला, ताईने रम नको म्हणून दुसरं घेतलं, कॅरॅमलवालं प्वी दामूर. जवळच तिकतोन रस्त्यावर जे. देतू. नाव गमतीशीर आहे, फ्रेंचमध्ये मोठ्याने वाचलं की "माझ्याकडे सगळं आहे" असं ऐकू येतं, आणि खरंच आहे. १९५१ पासून. बेकरीवाले, हॉटेलवाले इथून माल नेतात, चॉकलेट तीन किलोच्या पिशवीत, बदामाची पूड, व्हॅनिलाच्या शेंगा, पिस्त्याची पेस्ट. सजावट अशी काही नाही, किराणा दुकान, आणि म्हणूनच ताई इथे सगळ्यात जास्त वेळ रमली. पुईच्या हिरव्या मसुरा घेतल्या. ह्या मसुरेला १९९६ पासून गावाचं संरक्षित नाव आहे, ज्वालामुखीच्या मातीतली, शिजली तरी दाणा फुटत नाही. ताईने दाणा दाताखाली धरला, म्हणाली उसळ छान होईल, आमटी नाही.

देइलराँमध्ये (१८२० पासूनचं स्वयंपाकाच्या भांड्यांचं दुकान) फक्त तांब्याची पातेली डोळे भरून बघितली. वजन परवडणारं नव्हतं.

आणि मग दुपारी लग्राँ फी ए फिस. गॅलरी व्हिव्हिएन म्हणून काचेचं छत असलेली जुनी बाजारगल्ली आहे, १८२० च्या दशकातली, खाली मोझॅइकची फरशी, तिच्यात हे दुकान, १८८० पासून. सुरुवात किराणा म्हणून झालेली आणि ते अजून दिसतं, रस्त्याकडच्या बाजूला गोळ्या-चॉकलेटच्या बरण्या, डबे, आणि छत पाहिलं तर सगळं बुचांनी मढवलेलं. आतल्या बाजूला वाइन आणि बसून चाखायची टेबलं.

बोंजूर झालं. काव्हिस्त बाई होत्या, पन्नाशीच्या. मी म्हटलं एक चांगली बाटली हवी आहे. त्यांनी किती पैशांपर्यंत असं विचारलंच नाही आधी. त्यांनी विचारलं, आज रात्री जेवायला काय आहे?

मी आयुष्यात इतक्या दुकानांतून वाइन घेतली पण हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी म्हटलं भरली वांगी. मग सुरू झालं. ताई सांगत होती, मी इंग्रजी करत होते. वांग्यात मसाला भरतात, मसाल्यात शेंगदाण्याचं कूट, सुकं खोबरं, तीळ, गोडा मसाला, चिंचेचा कोळ, गूळ, लाल तिखट. बाई प्रत्येक गोष्टीला थांबवत होत्या. आंबट किती? गोड किती? तिखट जिभेच्या टोकाला का घशात? तेल वर येतं का? गोडा मसाल्यात काय काय? ताईने दगडफूल म्हणजे काय ते समजवायला माझ्या फोनवर फोटो शोधला. बाईंनी डोळे मिटले आणि थोडा वेळ काही बोलल्या नाहीत, खरंच, डोळे मिटून भरली वांगी खाऊन बघत होत्या.

मग म्हणाल्या लाल नको. लाल वाइनमध्ये सालीचा तुरटपणा असतो, तिखटाबरोबर तो जिभेवर जळतो, शिवाय शेंगदाणे आणि चिंच त्याला कडू करतील. चिंचेच्या समोर उभी राहील अशी आंबट पाहिजे आणि गुळाशी भांडणार नाही इतपत गोडी पाहिजे. त्यांनी काढली वूव्रे, दमी-सेक म्हणजे मध्यम गोड. लुआर नदीच्या काठची. द्राक्ष कोणतं विचारलं तर शेनँ.

शेनँ म्हणजे आपलं शेनिन ब्लांक! नाशिकच्या वायनरीत सगळीकडे लावलेलं. मी त्यांना सांगितलं की माझ्या मामाच्या गावापासून जवळच ह्याचे मळे आहेत आणि मामा त्या द्राक्षांना नावं ठेवतो, साल जाड, बिया मोठ्या, खायला कामाची नाहीत म्हणून. त्या हसल्या आणि म्हणाल्या मामांना सांगा, जाड साल आणि बिया म्हणूनच. आणि मग मला बाटलीवर दाखवलं की कुठेही शेनँ लिहिलेलं नाही, फक्त वूव्रे. इथे गावाचं नाव लिहिलं की द्राक्ष कोणतं ते नियमातच आलं, १९३५ पासून ही व्यवस्था आहे. शाब्ली म्हणजे शार्दोने, मॉर्गाँ म्हणजे गामे, सांगायची गरज नाही. मला पूर्वी ह्याचा राग यायचा, वाटायचं ग्राहकाला मुद्दाम गोंधळात टाकतात. त्या दिवशी पटलं, आपण देवगड म्हटलं की पुढे हापूस बोलावं लागतं का.

२२ युरो. शिवाय एक गोष्ट चाखायला दिली, व्हँ जोन, म्हणजे पिवळी वाइन, जुरा भागातली, साव्हान्यँ द्राक्षाची. पिंपात भरून ठेवतात आणि कमी झाली तरी वर भरत नाहीत, वरती यीस्टची साय धरते, तशीच सहा वर्षं तीन महिने. एक लिटरचं शेवटी ६२ सेंटिलिटर उरतं म्हणून तिची बाटली पण ६२ ची, बुटकी, खांदे रुंद. वास अक्रोडाचा, मेथीचा. हो, मेथीचा, ताईने नुसता ग्लास हुंगून सांगितला, प्यायली नाही, आणि बाईंनी टाळीच दिली कारण तो वास तिथले जाणकारही मेथीचाच सांगतात. ४० युरोच्या वर होती पण ती एक बाटली मी घेतली.

रात्री भरली वांगी. वांगी लांबट म्हणून तीन तीन तुकडे करून चिरा देऊन भरली, इंडक्शनवर जरा खाली लागली पण चव आली. भाकरी नाही, पोआलान ह्या जुन्या बेकरीचा ब्रेड अजून आणायचा होता म्हणून साधा बगेत, म्हणजे लांब काठीसारखा ब्रेड. आणि वूव्रे. काय सांगू, पहिला घास, मग घोट, आणि तिखट एकदम मऊ झालं, चिंच वर आली, मागून गोड्या मसाल्याचा वास परत आला. मी ताईला म्हटलं एक घोट घेऊन बघ फक्त. तिने नाही घेतली. पण तिने विचारलं नीट, घासाआधी कसं लागतं आणि नंतर कसं लागतं, आणि मी सांगितलं ते तिने वहीत लिहून घेतलं.

दिवस सहावा, बुधवार

नदीच्या डाव्या काठावर. आधी पोआलान, शेर्श-मिदी रस्त्यावर ८ नंबर, १९३२ पासून. जवळजवळ दोन किलोचा एक गोल ब्रेड, आंबवणाचा, दगडी जात्याचं पीठ, गेराँदचं मीठ, लाकडाची भट्टी. पाव हिस्सा कापूनही देतात. काउंटरवर टोपलीत छोटी लोण्याची बिस्किटं, नाव प्युनिस्याँ म्हणजे शिक्षा, येणाऱ्याने एक उचलायची. साल कडक, आत आंबूस. ताईच्या मते हा ब्रेड दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागला आणि ते खरं आहे.

मग चीज. लोराँ द्युबुआचं दुकान, बुलव्हार साँ-जेर्मांवर. हे मेय्यर उव्रिए द फ्राँस आहेत, म्हणजे आपापल्या कामातल्या उत्तम कारागिरांची देशपातळीवरची परीक्षा असते ती पास, त्यांच्या कोटाच्या कॉलरला तिरंगी पट्टी असते. दुकानात चीज अशी मांडलेली की मिठाईच्या दुकानात आल्यासारखं वाटतं. मी कॉम्ते घेतलं, २४ महिने मुरवलेलं. कॉम्तेचं एक चाक चाळीस किलोच्या आसपास, त्याला चारशे लिटरच्या वर दूध, आणि कमीत कमी चार महिने मुरवायचंच असा नियम. जुन्या कॉम्तेत दाताखाली बारीक कण लागतात, मला ते मीठ वाटायचं, मीठ नाही, प्रथिनातले स्फटिक असतात, मुरण्याची खूण.

इथे ताईचा प्रश्न आला. दूध फाडायला काय वापरता? फ्रेंचमध्ये प्रेझ्यूर. मुलीने अजिबात न लपवता सांगितलं की कॉम्ते, रॉकफोर, ब्री द मो, ह्या सगळ्या संरक्षित नावाच्या चीजमध्ये वासराच्या नाहीतर कोकराच्या पोटातलं रेनेट असतं, नियमच तसा. तिने तिच्या परीने शोधलं, आत जाऊन विचारून आली, पण खात्रीने वनस्पतीचं आहे असं त्या दिवशी दुकानात काही नव्हतं आणि तिने तसं सांगितलं. शाकाहारी मंडळींनी हे जाण्याआधी माहीत करून घ्यावं, मला मनापासून वाटतं, कारण मेनूवर व्हेजिटेरियन लिहिलेल्या पदार्थातही हेच चीज असू शकतं. ताई म्हणाली "खरं बोलली पोरगी, बरं झालं". तिने मग तिथून फक्त लोणी घेतलं, मिठाचे कण असलेलं, आणि रात्री पोआलानच्या ब्रेडवर ते लोणी आणि अंजीर खाल्लं, मी शेजारी बसून कॉम्ते. दोघींचं जेवण तेवढंच.

मग ला ग्रांद एपिसरी, ल बाँ मार्शे ह्या डिपार्टमेंट स्टोअरवाल्यांचं खाण्याच्या वस्तूंचं दुकान, सेव्र रस्त्यावर. प्रचंड. जगातलं सगळं आहे, तळमजल्याखाली वाइनचं तळघर आहे, नुसत्या पाण्याच्या बाटल्यांची भिंत आहे. एकाच छताखाली सगळं पाहिजे असेल, वेळ नसेल, तर इथे जा. मी मीठ आणि एस्पलेतची मिरचीपूड घेतली. पण मला तिथे कोणी काही विचारलं नाही, आणि इतक्या दिवसांनी मला विचारून घ्यायची सवय लागली होती, त्यामुळे तासाभरात निघालो.

संध्याकाळी बुर्बाँ-ल-शातो गल्लीतलं ला दर्निएर गूत, छोटं दुकान, शेतकऱ्यांनी स्वतः भरलेल्या वाइनच ठेवतात. इथल्या माणसानेही विचारलं कुठे नेणार, कधी उघडणार. घरी न्यायच्या म्हटल्यावर त्याने उष्ण प्रदेशातल्या प्रवासाला टिकतील अशाच काढल्या. दोन पाऊण लिटरच्या आणि दोन अर्ध्या बाटल्या.

दिवस सातवा, गुरुवार

बॅग भरणं हेच काम. भारतात माणशी दोन लिटरपर्यंत दारू ड्यूटीशिवाय आणता येते, दोघींची बेरीज एकत्र धरत नाहीत, त्यामुळे कागदावर हिशोब केला. माझ्या बॅगेत ७५ ची एक, व्हँ जोनची ६२ ची आणि ३७.५ ची अर्धी, म्हणजे १७४.५ सेंटिलिटर. ताईच्या बॅगेत ७५ आणि ३७.५. विमानात हातातल्या बॅगेत जात नाहीत, चेक-इनमध्येच टाकायच्या, म्हणून प्रत्येक बाटली आधी प्लास्टिकच्या पिशवीत, मग स्वेटरमध्ये, मग बॅगेच्या मधोमध. मोहरीची बरणीपण तशीच. मोहरी आणि मऊ चीज हातातल्या बॅगेत असलं तर सिक्युरिटीवाले ते पातळ पदार्थात धरतात आणि काढून घेतात. कॉम्तेचा शेवटचा तुकडा निघताना उभ्याने खाल्ला.

घरी आल्यावर बाटल्या कपाटात खालच्या खणात, आडव्या, अंधारात. पुईच्या मसुराची उसळ झाली, दाणा फुटला नाही. ताईने त्या मोहरीत कैरीचं लोणचं करता येईल का ह्यावर विचार सुरू केलाय, कैरी येईपर्यंत वेळ आहे.

व्हँ जोन उघडलेली नाही. दिवाळीत निफाडला जाणार आहोत, तोवर मामाची गोडी छाटणी उरकलेली असेल, तेव्हा तिथे न्यायची. मामा पीत नाही. पण त्याला बाटलीचे ते रुंद खांदे दाखवायचेत, बूच काढून वास द्यायचाय आणि त्याला मेथी ओळखता येते का ते बघायचंय, लेबल झाकून.